गाडी पुसताना रंगावर पडणारे चरे: नवं कापड घेण्याआधी काय तपासाल

अंजनगाव-दर्यापूर भागात आमचं वॉशिंग आहे. गाड्या धुणं, आतून साफ करणं, रबिंग-पॉलिश, एवढंच काम. त्यात एक तक्रार बाराही महिने येते. गाडी घरी धुतली, पुसली, मांडवाखाली झकास दिसली, आणि उन्हात काढली तर बोनटभर बारीक चऱ्यांची जाळी. आलेला माणूस बहुतेक वेळा एकच मागतो, "भाऊ, एखांदं चांगलं कापड सांगा ना."

कापडाचं सांगतो, पण बरंच नंतर. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांत दोष कापडाचा नसतो. कापड फिरवण्याआधी गाडीवर राहून गेलेल्या मातीचा असतो. मऊ कापडाखाली रेतीचा कण असला तर कापडाच्या मऊपणाचा उपयोग शून्य. म्हणून खालचा क्रम तसाच लावलाय. आधी फुकटात होणारं, मग दोन-चारशे रुपयांचं, शेवटी खिशाला जड जाणारं. पहिल्याच टप्प्यावर कारण सापडलं तर पुढचा खर्च करायची गरज नाही.

लक्षणं

गाडी उन्हात उभी करून, किंवा रात्री मोबाईलचा टॉर्च बोनटवर तिरपा धरून पाहा. ट्यूबलाईटच्या उजेडात काही कळत नाही. यापैकी काय दिसतं?

- टॉर्चच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल बारीक रेघा. काळ्या, गडद निळ्या, मरून गाडीवर ठळक. पांढऱ्यावर असतात, पण लपतात.
- दाराच्या खालच्या भागात, डिक्कीवर, मागच्या बंपरवर सरळ, लांब, एकटे-दुकटे चरे.
- पांढरे ठिपके किंवा कडा असलेली वर्तुळं, मुख्यतः बोनट, टप आणि काचांवर.
- पुसून झाल्यावर थोड्या वेळानं आरशाखालून, हँडलखालून, दाराच्या तळातून येणारे मातकट ओघळ.
- नख फिरवलं की अडकतो असा चरा.

पहिल्या लक्षणाबद्दल एक गैरसमज आधी काढून टाकतो. "म्या तं कापड गोल फिरवलंच नाही, सीधं पुसलं, मंग हे गोल काहून?" हा प्रश्न खूप जण विचारतात. चरे खरं तर सगळ्या दिशांना सरळच पडलेले असतात. पण उजेडाला आडवे असलेले तेवढेच चमकतात, त्यामुळे दिव्याभोवती वर्तुळं असल्याचा भास होतो. टॉर्च हलवा, वर्तुळंही सोबत हलतील. म्हणून हात सरळ फिरवला एवढ्यानं माणूस सुटत नाही.

चरा आहे की पाण्याचा डाग

हे सगळ्यात आधी, कारण दोघांचं औषध वेगळं. डागाला चरा समजून रबिंग मारलं की चांगला रंग फुकट झिजतो.

डागावर साधं पाणी टाका, ओलं कापड दोन मिनिटं नुसतं ठेवून द्या, मग अलगद टिपा. गेला तर तो क्षारांचा थर होता. आमच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात, बोअरच्या पाण्यात मीठ जास्त. त्याचे डाग भरपूर पडतात, पण ताजे असले तर पाण्यानंच विरघळतात. इतर ठिकाणच्या जड पाण्यात चुना जास्त. तो डाग पाण्यानं हलत नाही. त्याला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कापडानं लावा, मिनिटभर थांबा, भरपूर पाण्यानं धुवा. हे काम सावलीत आणि बोनट थंड असताना करायचं. फरशी साफ करायचं ॲसिड मात्र गाडीजवळही आणू नका. अलॉय व्हीलवर ते ओतणारे लोक मी पाहिलेत, आणि नंतरची ती व्हीलही पाहिलीत.

व्हिनेगरनंही डाग गेला नाही आणि बोटाला तिथं खळगा लागला, तर पाण्यानं क्लिअर कोट, म्हणजे रंगाच्या वरचा पारदर्शक थर, खाल्लाय. तो घरी निघणार नाही. त्याचं शेवटी बोलू.

दवावर फडकं मारताय का

हिवाळ्यात आपल्याकडे हा रोग घरोघरी आहे. रात्री गाडी अंगणात, पहाटे दव पडतं, सकाळी गाडी ओली. माणूस म्हणतो, बरं झालं, पाणी वाचलं, आणि फडकं घेऊन सगळी गाडी पुसून काढतो. गाडी चकचकीत दिसते. पण दवानं धूळ धुतली जात नाही, फक्त भिजते. ती भिजलेली धूळ तुम्ही बोनटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घासत नेता. कोरड्या गाडीवर रोज झटकणी मारणंही त्याच जातीचं.

काळ्या मातीची धूळ हाताला मऊ लागते, म्हणून फसगत होते. तिच्यात नुसती चिकण नसते. चुनखडीचे बारीक खडे, रस्त्यावरच्या गिट्टीची भुकटी, गारगोटीचे कण, सगळं असतं. गारगोटी काचेवर चरा पाडते, मग रंगाच्या वरच्या पारदर्शक थराला ती काय सोडणार? हा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, झेरॉक्सच्या कागदाच्या निम्म्या जाडीचा. सगळी चमक त्या थरात आहे, आणि चरेही त्यातच पडतात.

उपाय फुकट आहे: धुणार नसाल तर पुसू नका. काचेपुरती काच पुसा. धुळीनं माखलेली गाडी आठवडाभर तशीच फिरली तर रंगाचं काही बिघडत नाही. रोज पुसलेल्या गाडीचं बिघडतं. हे घरच्या ज्येष्ठांना पटत नाही, याची मला कल्पना आहे.

वेळ आणि जागा

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना दुपारी बारा वाजता गाडी धुतली तर पुसायची वेळच येत नाही. पाणी आपोआप सुकतं आणि क्षार तिथंच बसतात. मग माणूस ते सुकलेले डाग कोरड्या कापडानं जोर लावून घासतो. जोर आला की चरा आला.

बोनटवर तळहात ठेवा. निवांत ठेवता येत नसेल तर धुऊ नका. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत उरकावं. संध्याकाळ सोयीची वाटते, पण गावात तीच वेळ गुरं परतायची आणि ट्रॅक्टर शेतातून यायची. ओल्या गाडीवर धूळ येऊन बसते आणि तीच तुम्ही पुसता. शेतातल्या बोअरवर धूत असाल तर लाईन, म्हणजे वीज, कधी आहे यावर वेळ ठरते, हे मान्य. लाईन दुपारचीच असेल तर टाकी भरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बादलीनं धुवा.

धुण्याआधी अंगणात गाडीभोवती पाणी शिंपडून घ्या. पाइपाचं पाणी कोरड्या मातीवर पडलं की बारीक शिंतोडे उडून दाराच्या खालच्या भागावर बसतात. जमिनीवर गिट्टी किंवा फरशी असेल तर उत्तमच.

उन्हाळ्यात सगळी गाडी एकदम ओली करून मग पुसायला घेऊ नका. टप आणि काचा धुवा, पुसा. बोनट धुवा, पुसा. मग एक बाजू, मग दुसरी. पाणीही कमी लागतं.

शेवटचं पाणी

आमच्या अनुभवात निम्म्याहून जास्त गाड्यांचं उत्तर इथं सापडतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाडी धुऊन झाली, आता पुसणार, अशा क्षणी थांबा. एक पांढरा स्वच्छ रुमाल पाण्यात भिजवा, पिळा, आणि पुढच्या दाराच्या सगळ्यात खालच्या भागावर, पायदानाच्या वर, नुसता दाबून उचला. घासायचं नाही. आता रुमाल पाहा. पांढरा राहिला तर पुसायला हरकत नाही. त्यावर चहाच्या रंगाचा डाग आला, किंवा काळे बारीक ठिपके दिसले, तर गाडी धुतलेलीच नाही. ती ओली केलेली आहे. हीच परीक्षा डिक्कीच्या दारावर नंबर प्लेटच्या वर आणि मागच्या चाकाच्या मागं घ्या. टपावर आणि बोनटवर रुमाल सहसा स्वच्छ निघतो, आणि माणूस तेवढं पाहून समाधान मानतो. मग बोनट पुसलेलं कापड खाली दारावर जातं, तिथली रेती उचलतं, आणि दुसऱ्या बाजूच्या बोनटवर परत येतं. चरे बोनटवर दिसतात, कारण मात्र दाराखाली असतं.

रुमाल मळला तर काय करायचं? आणखी शॅम्पू नको, आधी आणखी वेळ द्या. वाळलेली काळी माती पाण्याच्या एका फटक्यानं सुटत नाही. ती पाणी पिते, फुगते, मग सुटते. खालचा भाग आधी भिजवून पाच-सात मिनिटं सोडून द्या, तेवढ्यात चाकं धुवा, मग जोराचं पाणी मारा. वणी-घुग्घुसकडून येणाऱ्या गाड्यांवर कोळशाची धूळ तेलकट थरासारखी बसलेली असते. तिला शॅम्पूचा फेस काही मिनिटं बसू द्यावा लागतो, फक्त तो सुकू देऊ नका. प्रेशर पंप असेल तर नोझल हातभर लांब ठेवा. फवारणीचा पंप पाणी मारायला वापरणारेही आहेत. नवा कोरा असेल तर वापरा. तणनाशक मारलेला पंप गाडीसाठी नको आणि तुमच्या हातांसाठीही नको.

माती निघाली की शेवटचं पाणी वेगळ्या पद्धतीनं सोडायचं. पाइपाचं नोझल काढून टाका, धार मंद करा, पाइपाचं तोंड टपाला जवळजवळ टेकवून पाणी नुसतं वाहू द्या. फवाऱ्यानं हजारो थेंब बसतात; अशा संथ धारेनं थेंब एकमेकांत मिसळून चादरीसारखे खाली ओघळतात आणि मागं फार थोडं पाणी उरतं. उरलेलं पाणी जितकं कमी, तितकं कापड कमी फिरणार, आणि जितकं कापड कमी फिरेल तितके चरे कमी. याला एक पैसा लागत नाही. तरीही दहातले आठ जण शेवटी अंगठा लावून फवाराच उडवतात.

मातकट ओघळ येतात त्यांचं

पावसाळ्यात काळी माती मडगार्डच्या आत थापून बसते. बाहेरून गाडी चकाचक, आणि पुसून झाल्यावर आतलं चिखलपाणी ठिबकत राहतं. आपण ते हातातल्या त्याच कापडानं टिपतो आणि ते कापड वाया जातं. म्हणून मडगार्ड आणि चाकं सगळ्यात आधी धुवायची, शेवटी नाही.

दाराच्या तळाशी बारीक भोकं असतात, आत गेलेलं पाणी निघायला. ती मातीनं बुजली की दार उघडताना आत पाणी खळखळतं. खराट्याची काडी घालून अलगद मोकळी करा. खिळा किंवा स्क्रू ड्रायव्हर घातला तर रंग निघतो आणि तिथून गंज धरतो. खाऱ्या पाण्यात तर लवकरच.

आरसे, हँडल, नंबर प्लेट, डिक्कीची फट यांत पाणी लपतं. दारं आणि डिक्की एकदा उघडून बंद करा, पाच मिनिटं थांबा, मग पुसायला घ्या. "एक चक्कर मारून आणली की पाणी उडून जातं" हा सल्ला शहरातल्या डांबरी रस्त्यावर ठीक आहे. आपल्या पांदण रस्त्यावर ओली गाडी नेली तर परत धुवायलाच आणावी लागेल.

आता कापड

इथवर सगळं ठीक असेल तर कापड पाहा. नवं घेण्याआधी आहे तेच पाहा.

कापूस पिकवणाऱ्या मुलखात राहून सांगतो, जुनं धोतर, दुपट्टा, बनियन, लुगड्याची घडी हे गाडी पुसायला चांगलं नाही. सूत मऊच आहे, अडचण विणीत आहे. सपाट विणीच्या कापडात कण आत शिरायला जागा नसते. तो कापड आणि रंग यांच्यामध्ये अडकतो आणि फरफटत जातो. वर शिवणीचा दोरा, काठ, बटण, सगळंच लागतं. दुकानात डब्यात मिळणारी पिवळी ओलसर शॅमी पाणी भरपूर पिते, पण तीही सपाट. अगदी निर्मळ गाडीवर चालेल, आपल्याकडच्या गाडीवर मी वापरत नाही. रबरी पट्टीचा वायपर तर काचेपुरताच ठेवा.

मायक्रोफायबरचा टॉवेल यासाठी बरा, कारण त्याला उभे, मोकळे धागे असतात. चुकून राहिलेला कण त्यात वर ओढला जातो. तो पॉलिएस्टर आणि नायलॉनचा असतो. लेबलवर ८०/२० किंवा ७०/३० लिहिलेलं असतं. पुसण्यासाठी जाड घ्या, ५०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजन) किंवा त्यावर, पिळाच्या लांब धाग्यांचा मिळाला तर आणखी चांगला. चौकात सिग्नलवर मिळतो तो पातळ पिवळा तुकडा डॅशबोर्डला ठीक. लेबल कात्रीनं काढून टाका. आणि नवा टॉवेल एकदा धुतल्याशिवाय गाडीला लावू नका. त्याचा सुटा भुरका निघून जाऊ द्या.

टॉवेल चांगला असूनही चरे पडत असतील तर तो वाळतो कुठं ते जाऊन बघा. एका काकांचा महागाचा टॉवेल मी हातात घेतला तर पाण्यासारखा मऊ, पण बोटं उलटी फिरवली की टोचायचं. उजेडात धरला तेव्हा धाग्यांत कुसळं दिसली, तीन-चार आरपार गेलेली, आणि पऱ्हाटीच्या सालीचे तपकिरी तुकडे. काकू तो इतर कपड्यांसोबत कुंपणावर वाळत घालत होत्या आणि कुंपणाला पऱ्हाटीचा ढीग लागून. काकांनी तीन वेगवेगळी शॅम्पू बदलून पाहिली होती. टॉवेल दोरीवर, सावलीत, गुरांच्या चाऱ्यापासून लांब वाळवा आणि वापरण्याआधी उलटा हात फिरवून चाचपा.

धुताना तो एकटाच धुवा. सुती कपड्यांसोबत धुतला तर सगळा भुरका त्यात बसतो. कपडे मऊ करणारं सुगंधी लिक्विड घालू नका, त्याचा थर धाग्यांवर चढतो आणि टॉवेल पाणी प्यायचं सोडतो. साबण लिक्विडच वापरा, पावडरचे न विरघळलेले कण राहतात. खाऱ्या किंवा जड पाण्यात धुतलेला टॉवेल वाळल्यावर कडक होतो. शेवटचं खळबळणं फिल्टरच्या पाण्यात करा आणि वाळल्यावर जोरात झटका.

आणि टॉवेल मातीत पडला तर त्या दिवसापुरता तो संपला. झटकून परत वापरायचा नाही. दुसरा नसेल तर गाडी तशीच वाळू द्या. डाग परवडले, ते निघतात.

हात कसा फिरतो

टॉवेल वापरण्याआधी किंचित ओलसर करा. अगदी कोरडा टॉवेल अडखळतो आणि पाणीही उशिरा ओढतो. टप आणि बोनटवर तो उलगडून पसरा, दोन कोपरे धरा आणि आपल्याकडे हळू ओढा. वरून दाब नको, टॉवेलचं स्वतःचं वजन पुरतं. दारांवर पुसू नका, टिपा: ठेवा, थोपटा, उचला. वरून खाली या. दाराचा खालचा तिसरा हिस्सा, बंपर आणि चाकं यांना दुसरं कापड, आणि ते वेगळ्या रंगाचं घ्या म्हणजे पोरं सरमिसळ करणार नाहीत.

शेवटी उरलेला एखादा हट्टी थेंब दाबून घासायची इच्छा होते. तिथं कापडाची कोरडी बाजू काढा आणि पुन्हा टिपा.

चरे पुसताना पडतात की धुताना

हे कळत नसेल तर एक दिवस प्रयोग करा. रात्री टॉर्च एका ठरावीक कोनात धरून दोन्ही पुढच्या दारांचे मोबाईलवर फोटो काढा. सकाळी दोन्ही दारं सारखीच धुवा, पण एक पुसा आणि एक तसंच वाळू द्या. रात्री पुन्हा त्याच कोनातून फोटो. न पुसलेल्या दारावरही नवे चरे दिसले तर पुसण्याच्या कापडाला दोष देऊ नका; धुण्याचा स्पंज आणि एकच बादली हे कारण आहे. दोन बादल्या घ्या, एक शॅम्पूची, एक नुसती हात खळबळायला, आणि पिवळा स्पंज फेकून द्या.

पाणी तपासा

ठिपके परत परत येत असतील तर टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं, पेन घ्या, दोन-तीनशेत मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालतो. २००० चं पाणी म्हणजे लिटरमागे २ ग्रॅम क्षार. पाणी उडून जातं, ते २ ग्रॅम गाडीवरच थांबतात.

धुवायला बोअरचं पाणी चालेल. शेवटच्या धारेला मात्र दुसरं शोधा. पावसाळ्यात टपरीच्या पन्हाळीचं पाणी, पहिली सर सोडून नंतरचं. नळाला शहानूर धरणाचं पाणी येत असेल तर ते. नाहीतर गावातल्या फिल्टरची वीस लिटरची कॅन. झारीनं टाकलं तर पाव कॅन सगळ्या गाडीला पुरते. उन्हाळ्यात गावात टँकर येत असताना पिण्याचं पाणी गाडीवर ओता असं मी सांगणार नाही. तेव्हा एकेक भाग धुऊन लगेच टिपा, तेवढंच पुरे.

घरच्या आरओचं वाया जाणारं पाणी गाडीला वापरायची कल्पना पुष्कळांना सुचते. पाणी वाचतं, पण क्षार त्यातच एकवटलेले असतात. झाडूपोछ्याला वापरा, गाडीच्या शेवटच्या धारेला नको.

थोडा खर्च करणार असाल तर

हात न लावता पाणी उडवणारा छोटा विजेचा ब्लोअर, कॉम्प्युटर आणि पंखे साफ करायचा, तो आरसे, दिवे, ग्रिल, नंबर प्लेटला उत्तम. रंगाला काहीच लागत नाही म्हणजे चराही नाही. जमिनीच्या दिशेनं मारू नका, धूळ उठते. हात कोरडे ठेवा आणि वायर पाण्यात लोळू देऊ नका. पंक्चरच्या दुकानातली कॉम्प्रेसरची हवाही चालते, पण टाकीत साचलेलं तेलकट पाणी सोबत येतं. आधी हातावर सोडून बघा.

दुसरा खर्च वॅक्सचा. स्प्रे वॅक्स महिन्यातून एकदा लावलं तर पाण्याचे गोल थेंब होऊन घरंगळतात आणि कापडही सरकतं. कपड्यांच्या साबणानं गाडी धुतली की ते वॅक्स निघून जातं. चमकेसाठी डिझेल, रॉकेल किंवा खोबरेल लावणाऱ्यांना काय बोलावं? चमक दोन दिवसांची, आणि त्यावर चिकटलेली धूळ पुढच्या पुसण्याची वाट पाहत बसते.

इथं हात थांबवा

नखाला लागणारा चरा, खाली पांढरा प्रायमर किंवा पत्रा दिसणारा चरा, सालपटं निघणारा क्लिअर कोट, पाण्यानं खाल्लेला खळगा, यातलं काहीही असेल तर घरी रबिंग कंपाऊंड घासू नका. सालपटं निघालेल्या जागी तर पॉलिशवालाही काही करू शकत नाही, तो भाग रंगवावाच लागतो. जुन्या गाडीवर पुसताना कापडावर गाडीचाच रंग उतरत असेल तर तिला वर क्लिअर कोट नाही किंवा संपलाय; तिथंही थांबा. मॅट रंग (बिनचमकेचा) किंवा रॅप (रंगावर चिकटवलेली फिल्म) असेल तर पॉलिश अजिबात नाही. हेडलाईटच्या आत वाफ, पायाखालचा गालिचा ओला, अशा गोष्टी मेकॅनिककडे न्या. ते पुसण्याचं काम नव्हे.

नखाला न लागणारी जाळी मशीन पॉलिशनं जाते. पण पॉलिश म्हणजे क्लिअर कोटचा वरचा पापुद्रा खरवडून सपाट करणं, त्यामुळे ते दर दिवाळीला करायचं काम नाही. अमरावती, अकोला, नागपूर, जिथं न्याल तिथं रंगाची जाडी मोजायचं मीटर आहे का ते आधी विचारा. नसेल आणि गाडी आधी पॉलिश झालेली किंवा रंगवलेली असेल, तर परत या. आधी बोनटचा फूटभर तुकडाच करून दाखवा म्हणा. सिरॅमिक कोटिंगवर आता चरे पडणारच नाहीत असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गाडी धुवायला सोपी होते, पुसायची काळजी तीच राहते.

काही ठिकाणी तेलकट ग्लेज चोपडून चरे बुजवतात आणि दोन-तीन धुण्यांत ते पुन्हा उघडे पडतात. म्हणून पैसे देण्याआधी एका जागी तेलकटपणा काढणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून मागा आणि गाडी उन्हात काढून पाहा. चरे खरंच गेले असतील तर तो माणूस पुसून दाखवायला कां-कू करणार नाही.